पोलिसांसाठी सारवलेलं अंगण

पोलिस येणार म्हणून आमच्या घरी अंगण सारवलं होतं. ही गोष्ट मी माहेरी कधी धड सांगितली नाही. सांगायला गेले तर आई आधी हसेल आणि मग तिला रडू येईल, आणि एवढ्या लांबून मला दोन्हीतलं काही आवरता येणार नाही.

मी मूळची कुडाळकडची. आठवीपर्यंत शिकले. नववीच्या पुस्तकांना कव्हरं घालून झाली होती, पण त्याच वर्षी वडील गेले आणि आईच्या जोडीला मी काजूच्या कारखान्यात जाऊ लागले. काजूच्या टरफलात एक काळा चीक असतो. बी फोडताना तो बोटांना लागतो आणि कातडी भाजल्यासारखी होऊन सोलून निघते. राख लावायची, खोबरेल लावायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. जुन्या बायका सांगायच्या, सवय होते. झाली सवय. बोटांची टोकं मात्र गुळगुळीत झाली. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर माझा अंगठा उठायचा नाही, आईचा तर नाहीच. मग धाकट्या भावाला शाळेतून बोलावून आणायचो. तेव्हा ते हसण्यावारी जायचं.

कारखान्यासमोरचा रस्ता रुंद करायचं काम निघालं, त्यावर पोकलेन चालवायला हे आले. पाणी प्यायला आमच्या नळावर यायचे. काम संपत आलं तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही, सरळ आईला विचारलं. आई म्हणाली, बुलढाणा म्हणजे खंय इला? हे म्हणाले, लई लांब हाय. दुसरा कुणी असता तर जवळच आहे म्हणाला असता. आईला ते पटलं.

मलकापूर स्टेशनला उतरून, एसटीने मोताळा, तिथून ऑटोने गाव. रोहिणखेडच्या अलीकडे, घाटाखाली. चारी बाजूंनी सपाट, कपाशी आणि मका, आणि लांबवर बुलढाण्याचा घाट निळसर दिसतो. मला पहिले कितीतरी दिवस वाटायचं की या घाटापलीकडे समुद्र असेल. बोलायची चोरी होती. एकदा तहान लागली म्हणून पटकन 'माका पाणी होया' म्हणून गेले, तर शेजारच्या चुलतसासूबाई दिवसभर सांगत फिरल्या, "नव्या नवरीले मका पायजे म्हने, म्हशीसारखा." लोक हसले. मीही हसले. पण त्यानंतर मी हळू आणि पुस्तकातलं बोलू लागले, आणि तेही त्यांना विचित्रच वाटायचं.

घरात माणसं थोडी. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते, आणि सासूबाई, त्यांना आत्याबाई. हे सहा-आठ महिने कुठेतरी साइटवर असतात. आत्याबाई बोलायला कमी. पण त्यांचं एक होतं, कुणीही यायचं म्हटलं की अंगण झाडून सडा टाकलाच पाहिजे. ग्रामसेवक येणार, झाड. म्हशीचा डॉक्टर येणार, झाड. वीजबिलाचं मीटर बघायला पोरगा यायचा, त्यालासुद्धा मळक्या ओसरीवर बसू द्यायच्या नाहीत. माणसाचा मान म्हणजे त्याच्या पायाखालची जागा स्वच्छ असणं, एवढाच त्यांचा हिशेब. मला तो आवडायचा. मी नवी होते, माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, झाडू मात्र चांगला मारता यायचा.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. कापूस वेचणीचे दिवस. हे कच्छकडे कामावर होते. घराला कुलूप लावून आम्ही तिघं वावरात गेलो. दुपारी मी एकटी परत आले, कारण म्हैस नुकतीच व्यालेली होती आणि तिला पाणी दाखवायचं होतं. गोठा मागच्या बाजूला आहे. पाणी दाखवलं, वगार जरा पाजली, आणि आल्या पावली परत गेले. घरात पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी आलो तर मागच्या दाराची कडी उचकटलेली, माजघरातलं लोखंडी कपाट उघडं, आतला कप्पा पलंगावर उलटा पडलेला. कपाटाची किल्ली कपाटावरच देवाच्या तसबिरीमागे असायची, ती कपाटालाच लटकत होती. आत्याबाईंची एकदाणी गेली होती. सोन्याच्या मण्यांची, त्यांच्या आईची. बाकीचं किरकोळ.

आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांनी उलटा कप्पा उचलून परत जागेवर सारला आणि चूल पेटवली.

मामाजींनी ठाण्यात कळवलं. बीटचे जमादार मोटरसायकलवर आले, आत डोकावले, म्हणाले घरफोडी दिसते, बुलढाण्याला कळवतो. उद्या श्वानपथक येईल, ठशेवाले येतील, एलसीबीची, म्हणजे गुन्हे शाखेची माणसं येतील, तोवर काही हलवू नका. मामाजींनी मान डोलावली. आम्हाला त्या सगळ्यात एवढंच कळलं की उद्या बुलढाण्याहून साहेब लोक येणार.

ते गेले आणि ओसरीवर माणसं जमली. चुलतसासूबाईंनी फोन काढला. त्यावर एक बातमी होती, लांबून आणलेली नवरी लग्नानंतर दागिने घेऊन पळाली म्हणून. तशा बातम्या तेव्हा रोज येत. इकडे पोरांना मुली मिळत नाहीत, लोक दलालाकडून कुठून कुठून मुली आणतात, आणि त्यातल्या काही खरंच पळतात. माझ्या लग्नात दलाल नव्हता, पण ते कोण सांगणार? चुलतसासूबाई फोन सगळ्यांना दाखवत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

"कोकनातून एवढ्या दूर कोन पोरगी देते, बाप्पा," त्या म्हणाल्या. "अन् दुपारून घरी कोन आल्तं मंग?"

मी भाकरी थापत होते. त्या रात्री ह्यांचा फोन आला. म्हणाले, मी निघतो, पण पोचायला वेळ लागेल, तू घाबरू नको. मी म्हटलं, घाबरले नाही. मग फोन ठेवल्यावर लक्षात आलं की घाबरायचं काय कारण, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. म्हणजे ओसरीवरचं बोलणं त्यांच्यापर्यंतही पोचलं होतं.

सकाळी उठले तर आत्याबाईंनी शेणाची पाटी भरून ठेवली होती.

मी म्हटलं, जमादार सांगून गेलेत की काही हलवू नका.

"हलवू नका म्हनलं त्याईनं," आत्याबाई म्हणाल्या. "झाडू नका कुठं म्हनलं? साहेब लोकं येतीन, अन् हे असं घान?"

मी अंगण झाडलं. मागचं दार झाडलं. माजघर झाडून काढलं आणि सगळा केर उकिरड्यावर नेऊन टाकला. मग सारवलं, वर सडा टाकला, उंबऱ्याशी दोन बोटांची रांगोळी घातली. आत्याबाईंनी ओला फडका आणि कोरडा फडका दोन्ही हातात दिले. साहेब लोक कपाटच बघणार ना, मग त्याच्यावर धूळ नको. मी कपाट पुसलं. दार, आरसा, मूठ, किल्ली, सगळं. एवढं चकचकीत ते लग्नातही नव्हतं. खरं सांगते, पुसताना मला बरं वाटत होतं. कामात असलं की माणसाला वाटतं आपण या घरचे आहोत.

ऊन चढल्यावर एकच गाडी आली. सगळे त्यातच होते. मला वाटलं होतं मोठा ताफा येईल. पुढे एलसीबीच्या एक बाई, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, केस घट्ट बांधलेले. त्यांच्यासोबत एक हवालदार. मागे ठशेवाले साहेब, चष्मा लावलेले, हातात पेटी. आणि एकदम मागे कुत्रा आणि त्याला सांभाळणारे. नंतर कळलं, त्या दिवशी जिल्ह्याच्या एवढ्या मोठ्या मुलखात फिरायला त्यांच्याकडे ही एकच गाडी होती. पहाटे ते सोनाळ्याकडे एका चोरीवर गेले होते, तिथून पोटात काही न घालता इकडे आले होते. ठशेवाल्यांच्या डोळ्यांवर झोप दिसत होती.

त्यांनी अंगणात पाय ठेवला आणि थांबले. शेणाचा ओला वास होता. कुत्रा सांभाळणाऱ्यांनी खाली बघितलं, रांगोळी बघितली, एलसीबीच्या बाईंकडे बघितलं.

आत्याबाई पाणी घेऊन आल्या. एक गडवा साहेबांसाठी, आणि एक पितळी पसरट भांडं.

"हे कुत्र्याले," त्या म्हणाल्या. मग मामाजींना हळूच विचारलं, "त्यालेबी साहेबच म्हनाव का वो?"

कुत्र्याला माजघरात नेलं, पलंगावरची चादर हुंगवली. तो मागच्या दाराने निघाला. सारवलेल्या जागेवर जरा घोटाळला, नाक वर केलं, शिंकला. मग सरळ उकिरड्याकडे गेला आणि तिथे बसला. सगळं गाव कुंपणाशी उभं होतं. पोरं ओरडली, सोनं उकिरड्यात हाय. मामाजींनी फावडं आणलं. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं, ते आपणहून उकरायला लागले. शेण, पालापाचोळा, माझा सकाळचा केर, सगळं वरखाली झालं. काही निघालं नाही. कुत्रा सांभाळणारे म्हणाले, थांबा काका, घरातला सगळा वास झाडून इथंच आणून टाकलाय, तो आणखी कुठं जाईल? त्यांच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता.

आतून ठशेवाल्यांनी हाक मारली. त्यांनी कपाटावर ब्रशने काळी पूड फिरवली होती. ती तशीच घरंगळून खाली पडली होती. मुठीवर एक रेघ नव्हती.

"कपाट कोणी पुसलं?" एलसीबीच्या बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, मी.

"केर कोणी टाकला?"

"मी."

"कोणी सांगितलं होतं?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या चुलीजवळच्या दारात उभ्या होत्या. पदर दातात धरला होता आणि जमिनीकडे बघत होत्या. मला कळलं की त्या घाबरल्या आहेत. आपण काय केलं ते उकिरडा उकरताना त्यांच्या ध्यानात आलं होतं. पुरावा पुसला म्हणून धरून नेतात, असं कुणीतरी कुंपणाशी बोललं होतं आणि ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्याकडे बोट दाखवणं मला जमलं नसतं. सून म्हणून नाही फक्त. ज्या बाईने मला आल्यापासून एकदाही तुझ्या माहेरी काय आहे असं विचारलं नाही, तिच्याकडे मी कसं बोट दाखवू?

"पाह्यलं का," कुंपणाशी चुलतसासूबाई म्हणाल्या. "समदं पुसून मोकळी. शिकवूनच पाठवतेत यायले."

बाईंनी मला माजघरात बसवून विचारलं. दुपारी का आलीस, कुणी बघितलं का, माहेरी कोण असतं, फोन कुणाला केलास. त्या दरडावल्या नाहीत. पण मला भीती वाटली की माझं बोलणं तुटतं. मी कुडाळचं बोलायला लागले, मग थांबले, मग पुस्तकातलं बोलले, आणि मलाच ते खोटं वाटायला लागलं. बाहेरून गलका येत होता. शेवटी बाई म्हणाल्या, इथे या गर्दीत बोलणं होणार नाही, तू ठाण्यावर चल. निवांत बोलू. संध्याकाळपर्यंत आणून सोडते.

त्यांना त्यात काही वाईट म्हणायचं नव्हतं, हे आज कळतं. पण गावात पोलिसांच्या गाडीत बसलेली नवी नवरी संध्याकाळी परत आली तरी ती परत येत नाही. तिला घरात घेतील, जेवायला देतील, पण प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीला कुणीतरी आपला दागिन्यांचा डबा जवळ ओढेल. हे आले की त्यांनाही ते दिसत राहील. आणि मी परत कुठे जाणार होते? आईने घर भाऊ मोठा होईपर्यंत कसंतरी धरून ठेवलं होतं. तिथे मी चोरटी म्हणून जाऊ शकत नव्हते.

चपला घालायच्या आधी मी स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई पाठ करून उभ्या होत्या. चुलीवर चहाचं आधण उकळत होतं, साहेबांसाठी. मी वाकून नमस्कार केला. आमच्याकडे घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. तसंच तोंडातून निघालं.

"येते, आत्याबाई."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग पातेलं उतरवलं, जाळ मागे ओढला, आणि माझ्या पुढून बाहेर गेल्या.

"थांबा वो बाई," त्या अंगणातून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तिले नका नेऊ. कपाट म्या पुसाले लावलं. अंगन म्याच सारवाले लावलं, केर टाकाले म्याच सांगतलं. ते पोरगी नाई म्हनत व्हती. न्याचं असन त मले न्या."

मामाजींच्या हातात अजून फावडं होतं. "अवं, पन काऊन पुसाले लावलं?"

"साहेब लोकं येनार व्हते."

"पोलिस काय पावने असतेत?"

"माह्या दारात येते तो पावनाच," आत्याबाई म्हणाल्या.

आणि त्या गाडीकडे गेल्या, मागचं दार उघडं होतं तिथून वर चढल्या आणि कुत्र्याच्या पिंजऱ्याशेजारच्या बाकावर बसल्या. लुगडं गुडघ्यांवर नीट केलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि समोर बघत राहिल्या. आयुष्यात त्या बुलढाण्याला दवाखान्यापुरत्या गेल्या असतील. कुत्रा मान वाकडी करून त्यांना बघत होता. कुंपणाशी कुणी हसलं नाही. चुलतसासूबाईसुद्धा नाही.

एलसीबीच्या बाई गाडीजवळ गेल्या. म्हणाल्या, उतरा मावशी. आत्याबाई म्हणाल्या, नाई, न्या मले. बाईंनी थोडा वेळ बाकाच्या कडेला हात ठेवून वाट बघितली. मग म्हणाल्या, मावशी, हे आधीच सांगितलं असतं तर मी अर्धा दिवस हिच्या मागे लागले नसते. आता जे झालं ते लिहून घेते, तुम्हाला कुणी काही करत नाही, उतरा. मी जाऊन हात दिला, तेव्हा त्या उतरल्या.

तरी मी दुपारी घरी आल्याचा प्रश्न होताच. तो सुटला तो ठशेवाल्यांमुळे. बाहेर एवढं सगळं चाललेलं असताना ते कपाटापाशीच होते. आत्याबाईंना बोलावून त्यांनी विचारलं, मावशी, हा कप्पा चोरानं पूर्ण बाहेर काढला होता का? आत्याबाई म्हणाल्या, हाव, पलंगावर उलटा पडला व्हता, मी तसाच सारला. ते म्हणाले, मग हा खालून कधी पुसता का? आत्याबाईंना तो प्रश्नच वेडगळ वाटला. खालून कोन पाह्यते, त्या म्हणाल्या.

त्यांनी कप्पा बाहेर ओढून उलटा केला. तळाला किती वर्षांची धूळ होती. त्यात कडेला दोन-तीन खुणा उमटल्या होत्या, एक चांगली मोठी. त्यांनी पूड फिरवली, चिकटपट्टीने ती खूण उचलली, भिंगातून बघितली. मग म्हणाले, घरातल्या सगळ्यांचे ठसे द्या, म्हणजे ही कुणाची नाही ते कळेल.

मामाजींचे ठसे पेटीतल्या छोट्या यंत्रावर उठले. आत्याबाईंचेही उठले. माझी पाळी आली आणि यंत्राने नाही म्हटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. हवालदार बाईंकडे बघायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर रेशनचं दुकान आलं, पण इथे भाऊ नव्हता बोलवायला. मी हात मागे घेतले.

ठशेवाले म्हणाले, दाखव हात. त्यांनी माझी बोटं उजेडाकडे धरली. विचारलं, माहेरी काय काम करायचीस. मी म्हटलं, काजू. त्यांनी मान हलवली, यंत्र बाजूला ठेवलं. मला साबणाने हात धुवून यायला सांगितलं, मग कोमट पाण्यात बुडवून ठेवायला सांगितलं, मग स्वतःच्या रुमालाने एकेक बोट कोरडं केलं. काच आणि शाईची नळी काढली. एकेक बोट शाईवर हलकंच फिरवलं, कागदावर टेकवलं, दाबलं नाही. दाबलं की रेघा एकमेकींत मिसळतात, असं म्हणाले. एवढ्या सावकाश माझा हात कुणी धरल्याचं मला आठवत नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा केलं. शेवटी कागदावर फिकट, तुटक, पण रेघा आल्या.

त्यांनी भिंगाने दोन्ही बघितलं.

"पक्कं कार्यालयात बघून सांगतो," ते बाईंना म्हणाले. "पण कप्प्यावरच्या अंगठ्यावर आडवा जुना वार आहे. या तिघांपैकी कुणाचा असा नाही. हिचा तर नाहीच."

बाईंनी वही मिटली. बाहेर ते कुणी जाहीर केलं नाही, पण घरात मामाजींनी ऐकलं आणि ते ओसरीवर जाऊन मोठ्याने दोनदा बोलले. मग आत्याबाईंनी सगळ्यांना चहा दिला. ठशेवाल्यांनी चहाबरोबर भाकरी मागितली, नुसतीच, आणि उभ्या उभ्या खाल्ली. मला त्यांच्या पाया पडायचं होतं. पण ते हात झटकून पेटी भरायला लागले, त्यांना अजून एका ठिकाणी जायचं होतं.

गाडी गेली. आत्याबाईंनी उकिरडा सारखा केला, मी शाई घासत बसले. हे दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. माझी बोटं मात्र अजून काळीच होती.

चोर पुढे दुसऱ्याच एका चोरीत सापडला. त्याच्या अंगठ्याचा ठसा आमच्या कप्प्यावरच्या ठशाशी जुळला, असा निरोप आला. दागिने ओळखायला या म्हणून बोलावलं. मामाजी म्हणाले मी जातो, आत्याबाई म्हणाल्या, मी अन् ही जातो.

बुलढाण्याला ते कार्यालय मला फार मोठं असेल असं वाटलं होतं. एका बाजूला कुत्र्यांच्या खोल्या, तिथे जाळीतून तोच कुत्रा झोपलेला दिसला. एका खोलीच्या दारावर सायबर लिहिलेलं, आत दोन मुलगे संगणकासमोर बसलेले आणि बाहेर फसवले गेलेले लोक रांगेत. ठशांची खोली त्यापलीकडे, एक टेबल, एक पंखा, भिंतीपर्यंत रचलेली पाकिटं. जिल्ह्यातले सगळे चोर आणि सगळे साव त्या पाकिटांत असतील. ठशेवाले आत होते. मी दारात उभी राहून त्यांना म्हटलं, तुमचे फार उपकार झाले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. कुठलं प्रकरण, त्यांनी विचारलं. मी गाव सांगितलं. ते आठवून बघायला लागले, आणि फोन वाजला. मला वाईट वाटलं नाही. त्यांच्यासाठी ते रोजचं होतं, आणि रोजचं असूनही त्यांनी माझी बोटं तशी धरली होती.

एलसीबीच्या बाईंनी एका कापडावर दागिने मांडले. काही तुटलेले, काही वितळवलेले. एकदाणी अख्खी होती, फक्त दोरा बदललेला. आत्याबाईंनी मणी बोटांनी चाचपले.

"कोणाची, मावशी?" बाईंनी विचारलं.

"हिची," आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे मान केली.

बाईंनी कागद उलटून बघितला. "फिर्यादीत तुमची लिहिलीय."

"तवा माही व्हती."

बाईंनी कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, कोर्टातून सुटेपर्यंत कागदावर तुमचीच राहू द्या, नाहीतर वांधा होईल. पुढं तुम्ही कुणाला द्यायची ती द्या. आत्याबाईंना ते फारसं पटलं नाही, पण त्यांनी सही केली. एकदाणी परत पाकिटात गेली, लाखेचा ठिपका लागला.

ती अजून सुटलेली नाही. तारीख पडते, वकील येत नाही, पुढची तारीख पडते. आम्ही दोघी जातो. मला अजूनही पोलिसांची गाडी दिसली की लपावंसं वाटतं, आणि त्याच वेळी हात जोडावेसेही वाटतात. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा राहतात ते मला सांगता येत नाही.

मागच्या तारखेला जाताना एसटीत एक बाई शेजारी बसली होती. तिने आत्याबाईंना विचारलं, कोन वो ही, पोरगी का? आत्याबाई म्हणाल्या, सून हाय, कोकनातली. तेवढ्यात घाट लागला. त्यांना वळणावर मळमळतं, म्हणून मी उठले, त्यांना खिडकीशी बसवलं आणि काच सरकवून दिली.